बावट्याच्या पाड्यात विघटनाचा धडा

आर्ट्सच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवणं हे काय काम आहे, असं माझ्या भावाने मला एकदा विचारलं होतं. तो डहाणूजवळ आगरला मासेमारीची बोट चालवतो. "माझ्या जाळ्यात काय आलं ते किनाऱ्यावर सगळ्यांना दिसतं," तो म्हणाला, "तुझ्या जाळ्यात काय येतं?"  निवृत्तीनंतर वेळ भरपूर आहे, म्हणून उत्तर आता देऊन बघते.

नोकरीभर मी एकाच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवलं. सकाळी डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला जीपमध्ये अंग चोरून बसायचं, आशागड, रानशेत मागे टाकत हायवेला लागायचं आणि तिथून दुसरी जीप धरून तलासरीच्या बाजूला आत जायचं. कॉलेज म्हणजे पत्र्याखालच्या काही खोल्या आणि समोर एक मैदान, ज्यात पावसाळ्यात बेडूक आणि उन्हाळ्यात क्रिकेट. सायन्सला जागा मिळाली नाही, कॉमर्सचं गणित झेपलं नाही की मुलं आमच्याकडे येत. आर्ट्समध्येही राज्यशास्त्र लोकप्रिय, कारण इतिहासात सनावळी असते, अर्थशास्त्रात आलेख असतात, आमच्याकडे नुसते मुद्दे. घरी ही मुलं आपापल्या बोलीत बोलत, बाजारात गरजेपुरती गुजराती आणि माझ्यासमोर मराठी. माझ्या मराठीला ती 'पुस्तकातली' म्हणत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिकवणं म्हणजे बोलणं. आमच्याकडे खरं काम मुलांना वर्गात आणून बसवण्याचं. जुलैत भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, लागली की निम्मा वर्ग चिखलात उभा असे. आणि बारावीचं पुस्तक उघडायचं ते एक्क्याण्णव सालानंतरच्या जगापासून, म्हणजे सोव्हिएत संघ मोडला तिथून. त्यामुळे त्या देशाच्या विघटनाची बातमी आमच्या निम्म्या मुलांपर्यंत कधी पोचलीच नाही. ती मुलं वर्गात परत यायची तेव्हा आम्ही युरोपीय संघापर्यंत गेलेलो असायचो.

उरलेल्यांसाठी गाईड होतं. विघटनाची कारणं: एकाच पक्षाची सत्ता, मध्यवर्ती नियोजन, वस्तूंची टंचाई, शस्त्रांवरचा खर्च, प्रजासत्ताकांमधला असंतोष. मुलं हे मंत्रासारखं म्हणत. एका मुलाने चाचणीत लिहिलं होतं, "सोव्हिएत संघात सर्व काही मुबलक होते, फक्त वस्तू नव्हत्या." मी त्याला पूर्ण गुण दिले. तज्ज्ञांची जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत. इतकं थोडक्यात कोणी सांगितलेलं नाही.

पण हा धडा इथे शिकवणं आणि पुण्यात शिकवणं यात फरक होता. आमच्या वर्गाच्या खिडकीतून समोरच्या घराचं कौलारू छप्पर दिसे आणि त्यावर काठीला लावलेला लाल बावटा. या भागात लोक कम्युनिस्ट पक्षाचं नाव घेत नाहीत, नुसतं 'बावटा' म्हणतात. मुलांच्या आज्या-पणज्यांनी जमीनमालकांच्या शेतावर फुकट राबून, चाबूक खाऊन दिवस काढले. ती वेठबिगारी मोडली ती बावट्याने. तेव्हापासून तो घरातलाच एक माणूस झाला. लग्नपत्रिकेत तो असतो, मयताला तो असतो. आणि मी फळ्यावर त्याच्या मरणाची कारणं एक ते पाच लिहून देत होते. वर्षानुवर्षं कोणालाच यात काही विचित्र वाटलं नाही. मुलांच्या लेखी पुस्तकातलं जग वेगळं आणि घरातलं वेगळं होतं.

हे वेगळेपण एका वर्षी मोडलं, ते एका खेळामुळे.

मध्यवर्ती नियोजन म्हणजे काय, ते मुलांना काही केल्या समजत नव्हतं. आमच्या वर्गाच्या दारात चपला काढायची पद्धत होती. मी तीन मुलांना पुढे बोलावलं आणि म्हटलं, "तुम्ही नियोजन मंडळ. सगळ्या वर्गाला चपला द्यायच्या आहेत. कोणालाही न विचारता माप ठरवा." तिघं कुजबुजले आणि सगळ्यांना सात नंबर असं ठरलं. दारातून सात नंबरचा एक जोड आणला. प्रत्येकाने तो घालून फळ्यापर्यंत चालायचं आणि कशी बसली ते सांगायचं. पहिल्या फेरीत जो म्हणाला 'मोठी होते' किंवा 'चावते', त्याला मी वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या फेरीत सगळे लंगडत, फरफटत चालले आणि सगळ्यांनी सांगितलं, "मस्त बसली, मॅडम!" मी फळ्यावर लिहिलं: योजना पूर्ण, तक्रार नाही. वर्ग हसून हसून लोळला. खेळ जमला म्हणून मीही खूश होते.

पुढच्या बाकावर सुनीता बसायची. अभ्यासात हुशार, आवाज खणखणीत, आणि आवणीच्या दिवसांतही न चुकणारी. तिची पाळी तेवढी राहिली होती. तिने चप्पल घातली नाही.

"मॅडम, तुम्ही बावट्याची चेष्टा करताय."

"बावट्याची नाही गं. त्या देशाच्या कारभाराची."

"आमच्या घरात दोन्ही एकच आहे," ती म्हणाली. "माझा आजा पोरवयात अनवाणी गुरं राखायचा. त्याच्या पायात पहिली चप्पल बावट्याच्या माणसाने घातली. तेव्हा कोणी माप बघितलं नव्हतं."

वर्गातलं हसू बंद झालं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी सुनीता आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, तेव्हा तिच्या पाड्यावरच्या मुलीने सांगितलं, "तिच्या आजाने सांगितलंय, त्या बाईच्या वर्गात बसायचं नाही. ती कॉलेज सोडणार म्हणते."

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. माणूस भला, पण भित्रा. "मॅडम, ते गाईडमधले मुद्दे लिहून द्या आणि पुढच्या धड्याला लागा ना," ते म्हणाले. "बावट्याच्या शाखेचे सेक्रेटरी सीताराम काल बाजारात भेटले. विचारत होते, तुमच्याकडे काय चाललंय?"

मुद्दे लिहून देणं सोपं होतं. पण बारावीतल्या मुलीचं कॉलेज सुटलं की पुढे काय होतं, ते मी पुष्कळ पाहिलं होतं. लग्न, नाहीतर हायवेच्या कारखान्यात रोजंदारी, नाहीतर दोन्ही. शनिवारी मी तिच्या पाड्यावर गेले.

सुनीताचे आजोबा रूपजीबाबा ओट्यावर बसून दोरी वळत होते. वय ऐंशीच्या घरात, अंगाने काटक, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. सुनीताने पाणी आणून दिलं आणि ती दाराआड जाऊन उभी राहिली. आतल्या भिंतीवर जुन्या रशियन मासिकाचं गुळगुळीत पान चिकटवलेलं होतं. ट्रॅक्टरवर बसून हसणारी एक बाई, मागे गव्हाचं शेत. चुलीच्या धुराने गहू काळा पडला होता, बाई अजून हसत होती.

"तुमी बंदरपट्टीच्या ना?" बाबांनी विचारलं. समुद्राकडची गावं ती बंदरपट्टी आणि इकडची जंगलपट्टी, अशी इथली वाटणी.

"हो. आगरची."

"आमचे मालक पन तिकडेच ऱ्हायचे."

"आम्ही मासे धरणारे, बाबा. आमचे मालक वेगळे होते."

"पन व्हते ना?"

"होते."

त्यांनी दोरी बाजूला ठेवली. "तो देश मेला, असं तुमी पोरांना शिकवता."

"मोडला, हे खरं आहे, बाबा. मी बातम्यांत बघितलं होतं. मी नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. तिथल्या मोठ्या इमारतीवरचा लाल बावटा उतरवला आणि दुसरा चढवला."

"दगाबाजी झाली. बाहेरच्यांनी पैसा सोडला, आतले फुटले."

"तसंही म्हणतात. पण तेवढंच नव्हतं."

"मग काय व्हतं?"

माझ्याकडे पाच मुद्दे तयार होते. त्या ओट्यावर मला ते म्हणवेनात. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही वर्गात या. बावटा इकडे कसा आला, ते तुम्ही पोरांना सांगा. माझ्या पुस्तकात ते नाही. मग मी माझं सांगते. कोणाचं पटतंय ते पोरं ठरवतील."

"मी? मी दुसरीपन शिकलो नाय."

"आजा, जा ना," दाराआडून सुनीता म्हणाली. "मीपण येईन."

त्यासाठीच मी आले होते, पण तसं चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

बाबा सोमवारी आले. पांढरा धुतलेला सदरा, कमरेला पंचा. मी त्यांना माझी खुर्ची दिली, पण ते उभेच राहिले. मैदानात भाषणं केलेला माणूस, खुर्चीत बसून बोलणं त्यांना जमत नसावं. त्यांनी मालकाची गोष्ट सांगितली. बाप दिवसभर मालकाच्या शेतावर राबायचा आणि आजारी आहे म्हटलं की मार खायचा. आई तान्ह्या पोराला बांधावर ठेवून आवणी करायची, आणि पोर रडलं तरी वर बघायची मुभा नव्हती. मग एक दिवस बाहेरून माणसं आली. खाटेवर न बसता जमिनीवर बसली, पाड्यातल्या घरी जे होतं तेच खाल्लं आणि म्हणाली, 'उद्या कोणी फुकट कामाला जायचं नाय. सगळ्यांनी मिळून नाय म्हणा.' "आमच्या बापाने जल्मात पयल्यांदा 'नाय' शब्द उच्चारला," बाबा म्हणाले. "बोलून घरी आला आणि थरथरत बसला. आईला वाटलं, ताप आलाय."



मग माझी पाळी आली. सोव्हिएत राज्य लोकांना का हवं होतं, तिथून मी सुरुवात केली. तिथेही जमीनदार होते, भूक होती. त्या राज्याने शाळा काढल्या, वीज नेली, दवाखाने बांधले, हेही सांगितलं. पण दुसरा पक्ष नाही, वर्तमानपत्र सरकारचं, निवडणुकीला उमेदवार एकच. विरोधात बोलणारा तुरुंगात किंवा त्याहून वाईट. भाकरीची किंमत राजधानीत ठरते आणि शेतात काय पेरायचं तेही तिथेच. वरचा आकडा मागतो, खालचा आकडा देतो, आणि शेतात प्रत्यक्षात काय आहे ते कोणालाच कळत नाही. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मध्येच एकदा म्हणाले, "तुरुंगाचं आमाला कोणी सांगितलं नाय."

तेवढ्यात रानशेतचा भावेश उभा राहिला. त्याचे वडील डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात कामाला होते. मुलगा वर्गात फारसा बोलत नसे.

"बाबा, एक विचारू? तुमच्या पाड्यावरचा बावटा कोणी काढायला आला तर?"

"हात तर लावू दे!" बाबा म्हणाले.

"मग तिकडे उतरवला तेव्हा तिथले लोक कुठे होते? एवढे कामगार, पार्टीची एवढी माणसं. राज्य त्यांचं होतं ना? कोणीच आडवं का नाही आलं?"

हा प्रश्न गाईडमध्ये नव्हता. खरं सांगायचं तर मलाही तोच छळत आला होता. टंचाईने राज्य अडचणीत येतं, मान्य. पण स्वतःचं म्हणवणारं राज्य कोसळत असताना माणसं नुसती बघत कशी राहतात? दगाबाजीने तेही समजत नाही. घरात दगा झाला तर घरातली माणसं ओरडतात तरी.

बाबांनी भावेशकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, चिडले. मग ते खुर्चीत बसले.

"आमच्यात गवताची सोसायटी व्हती," ते म्हणाले.

मुलांना गवताचा धंदा ठाऊक होता. पावसाळा संपला की डोंगरउतारावरचं गवत कापायचं, वाळवायचं, गाठी बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. तो धंदा सगळा व्यापाऱ्यांच्या हातात असे. बाबांच्या तरुणपणी पाड्यांनी मिळून स्वतःची वखार उभी केली होती. पहिलं वर्ष सणासारखं गेलं. बाया गाणी म्हणत गवत कापत. मालकाच्या कामात आणि आपल्या कामात काय फरक असतो, ते तेव्हा कळलं, बाबा म्हणाले.

"दुसऱ्या सालाला तालुक्यावरनं निरोप आला, औंदा गाठी दुप्पट झाल्या पायजेत. बाजूच्या सोसायटीने कबूल केलंय, आपन मागं ऱ्हायचं नाय. माल वजनावर मोजायचे. आता गवत वाळलं का हलकं व्हतं. ओलं असलं का जड भरतं. मग काय? लोकांनी ओलंच बांधलं."

"तुम्ही काही बोलला नाही?" भावेशने विचारलं.

"बोललो ना! बैठकीत उभा ऱ्हायलो. बोललो, गाठीत हात घाला, आतनं गरम लागते. हा माल कुजनार. तर तेव्हाचा सेक्रेटरी बोलला, रूपजी, तू व्यापाऱ्याची भाषा बोलतोस. तुला कोणी पाठवला?" बाबांनी वर्गाकडे पाहिलं. "मालकाचा मार खाल्लेल्या माणसाला कोणी असं बोललं ना, का मग तोंड उघडत नाय. दुसऱ्या कोणीपन नाय उघडलं. सगळ्यांना म्हाईत व्हतं. माझी बायकोपन ओले भारे आणून टाकायची. मी बघायचो, ती माझ्याकडे बघायची नाय."

गाठी मुंबईला गेल्या. तबेलेवाल्यांनी फोडल्या तर आत काळं, बुरशीचं गवत. सगळा माल परत. त्यावर पुन्हा बैठक झाली आणि ठराव झाला की ही व्यापाऱ्यांची चाल आहे.

"चाल व्हती?" मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं.

"व्यापाऱ्यांना आनंद झाला आसंल. पन गवत आमीच ओलं बांधलं व्हतं." बाबांनी चष्मा काढून पंच्याने पुसला. "त्या उन्हाळ्यात वाऱ्याने वखारीचं छप्पर उडालं. दिवसाढवळ्या. आमच्या हातचं छप्पर, आमचे वासे. पाड्यावरनं सगळे बघत व्हते. कोणी उचलायला गेला नाय. माझा पन पाय निघाला नाय. वखार आमचीच व्हती रे, पन आमची वाटत नव्हती."

मग ते भावेशकडे बघून म्हणाले, "तिकडचं मला म्हाईत नाय. मी तिकडे गेलेलो नाय. तू विचारलंस म्हणून मला हे आठवलं."

मी हे सगळं सांगताना जपून सांगते. गवताची सोसायटी आणि अणुबाँब बाळगणारी महासत्ता यांना एका दोरीत बांधता येत नाही. तिथे पंधरा प्रजासत्ताकं होती, त्यांच्या भाषा, त्यांचे जुने अपमान होते. शस्त्रांची शर्यत होती, परक्या देशातलं युद्ध होतं, तेलाचे भाव पडले होते. हे मी त्या दिवशी वर्गातही सांगितलं आणि बाबांनी ते ऐकून घेतलं. चीनमध्ये तसाच पक्ष अजून राज्यावर आहे, मग तो का नाही कोसळला, असं एका मुलीने विचारलं, तेव्हा चीनच्या पक्षाने बाजाराला वाट दिली, बोलण्याला दिली नाही आणि ते किती काळ चालेल ते मला माहीत नाही, असं मी उत्तर दिलं. पण माणसं राज्याला कधी आपलं म्हणणं सोडतात, हे मला त्या वखारीच्या छपराने दाखवलं. त्यानंतर मी तो धडा पाच मुद्द्यांत शिकवला नाही.

तास संपल्यावर सुनीता बाबांना घेऊन बाहेर आली. ती रडवेली झाली होती आणि चिडलीही होती.

"आजा, हे घरी कधीच नाही बोललास."

"तू ल्हान व्हतीस. ल्हान पोराला आधी मालकाची गोष्ट सांगायची. आपली मागनं."

"आणि तरी तू बावटा सोडला नाहीस?"

"का सोडू? सेक्रेटरीच्या बापाचा हाय?"

बाबांनी कॉलेजात काय सांगितलं ते संध्याकाळपर्यंत तीन पाड्यांत पोचलं. सीताराम मला हायवेच्या नाक्यावर भेटला. चाळिशीचा, मेहनती माणूस. कोणाच्या घरी साप निघाला, कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की पहिला तोच धावे. "मॅडम, म्हाताऱ्या माणसाला असं वर्गात उभं करायचं?" तो म्हणाला. "घरातलं धुणं बाहेर कशाला?" मी म्हटलं, "मी त्यांना मालकाची गोष्ट सांगायला बोलावलं होतं. पुढचं ते आपणहून बोलले." त्याला ते पटलं नाही. त्या वर्षीच्या मेळाव्यात बाबांना व्यासपीठावर बसवलं नाही. ते खाली गर्दीत जाऊन बसले. सुनीता सांगत होती की त्यांना त्याचं लागलं.

सुनीता बारावी झाली, पुढे बी.ए. झाली आणि पाड्यावर परत आली. तोवर ग्रामपंचायतीने पाण्याची टाकी बांधली होती. पंचायत अर्थातच बावट्याची. टाकी अशा बुटक्या टेकाडावर होती की वरच्या पाड्यांना पाणी चढायचंच नाही. जागा ठरवताना पाड्याला कोणी विचारलं नव्हतं. बांधकाम चालू असताना सगळ्यांना दिसत होतं. ग्रामसभेत टाकी पूर्ण झाल्याबद्दल अभिनंदनाचा ठराव आला, तेव्हा बाबा काठी टेकत उभे राहिले.

"टाकी चांगली हाय," ते म्हणाले. "पन आमच्याकडे पानी येत नाय. आनि हे तुमा सगळ्यांना म्हाईत हाय."

सीताराम म्हणाला, "बाबा, बसा. विरोधकांच्या हातात कोलीत देऊ नका."

त्यावर मागच्या रांगेतून एक बाई ओरडली, "बाबा खरा बोलतो! हंडा माझ्या डोक्यावर असतो, विरोधकांच्या नाय!" मग दुसरी उठली, मग चौघी. सुनीता म्हणते, सभा इतकी लांबली की अध्यक्षांनी दोनदा चहा मागवला.

ठराव झाला नाही, पण पाणीही आलं नाही. पुढच्या पंचायत निवडणुकीत सुनीताने पाण्याच्या प्रश्नावर सीतारामच्या पॅनेलविरुद्ध अर्ज भरला. अर्ज भरण्याआधी ती माझ्याकडे डहाणूला आली होती. "आजाच्या घरावर बावटा आणि मी बावट्याविरुद्ध," ती म्हणाली. "मॅडम, हे बरोबर आहे का?"

मी म्हटलं, "तुझ्या आजाला विचार."

"विचारलं. तो म्हणतो, घरावरचा काढू नको, बाकी तुझं तू बघ."

मतदानाच्या दिवशी बाबांना केंद्रावर न्यायला सुनीताकडे गाडी नव्हती. सीतारामनेच त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून नेलं, जसं तो दर निवडणुकीला नेत असे. परतताना त्याला राहवलं नाही. "बाबा, मत कोणाला दिलं? नातीला का आपल्याला?"

"तो पुठ्ठ्याचा आडोसा कशाला लावतात रे, सीताराम?" बाबांनी विचारलं.

सीतारामने मोटरसायकलचा वेग वाढवला.

सुनीता थोडक्यात हरली. मला वाईट वाटलं. ती मात्र दुसऱ्या दिवसापासून पुन्हा टेकाडावर फिरून टाकीपेक्षा उंचावरच्या झऱ्यांची ठिकाणं बघत होती. आणि मग जे घडलं ते माझ्या पुस्तकातल्या कुठल्याच धड्यात नव्हतं. जिंकलेल्या पॅनेलने तिला बोलावून घेतलं, झरा कुठे ते विचारलं आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तिथून वरच्या पाड्यांपर्यंत नळ टाकला. मी सीतारामला विचारलं, "जिंकलात ना तुम्ही? मग एवढी घाई?" तो हसला. "मॅडम, पुढच्या खेपेला ती पडायची नाही, ते मला दिसतंय की."

मॉस्कोतला बावटा उतरला आणि तलासरीतला राहिला, याची कारणं मला शोधनिबंधात लिहिता येणार नाहीत. एवढंच कळतं की इथे त्याला दर काही वर्षांनी दारात येऊन उभं राहावं लागतं, आणि दारातली बाई हंडा दाखवू शकते.

नळ सुरू झाला त्या दिवशी सुनीताने मला बोलावलं होतं. बाबांच्या ओट्यासमोर पाड्यावरची माणसं जमली होती. सीतारामने चावी फिरवली, आधी नुसती हवा फुसफुसली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. बायांनी हंडे लावले. बाबांनी तांब्या भरून घेतला आणि स्वतः न पिता सीतारामपुढे धरला.

"पी. आनि कसं लागतं ते सांग. खरं सांग."

सीतारामने घोट घेतला. सगळे त्याच्याकडे बघत होते. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "थोडं मचूळ लागतंय, बाबा."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. सुनीता पाठ चोळायला धावली. दम परत आल्यावर ते म्हणाले, "उद्या बैठकीत हेच बोल."